गोड वास

ट्रॅक्स शहाण्णवची.
कोल्हापूर ते गगनबावडा वडाप मारून मारून
तिचे गिअर आता माझ्या खांद्यालाच ओळखतात, मुलाला दाद देत नाहीत.
हंगाम सुरू झाला आणि असळज मागं पडलं की
काटा लालकडं सरकायला लागला.

रोज एक तांब्या पाणी कमी.
खाली फरशी कोरडी.
फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा रात्री गाडीखाली अंथरला,
सकाळी त्याच्यावर शेजारचं मांजर
आणि ऑइलचा एक जुनाच ठिपका.
होज बदलले. क्लिपा आवळल्या. टोपण नवं.
शाहूपुरीतल्या एकानं रेडिएटर उतरवून झाळून दिला,
बाराशे मोजून घेतले, म्हणाला,
आता धा वर्षं बघायचं काम न्हाई.
चौथ्या दिवशी बालिंग्याच्या पुलावर
बॉनेटमधून वाफ, आणि मागच्या सीटवरची मावशी
कोंबडी काखेत मारून सगळ्यांच्या आधी खाली.

मग उद्यमनगर. दस्तगीर अत्तार.
लेथच्या दोन दुकानांमधल्या बोळात
त्याचं गॅरेज म्हणजे एक खड्डा आणि एक बल्ब.
"इंजिन गार होऊ दे," म्हणाला, "टोपणाला हात लावू नको."
दोन तास. तेवढ्यात त्यानं ऑइलची पट्टी ओढून बघितली:
काळंच. दुधाचा चहा झालेला नव्हता.
"हेड वाचलंय तुझं. गाडीचं म्हणतोय."

सायकलचा पंप त्यानं रेडिएटरच्या तोंडाला जोडला,
हवा भरली, आणि नाक घेऊन इंजिनभोवती फिरला,
आडनावाला जागत.
"गोड वास कधीपासनं येतोय?"
मी म्हटलं, रस्त्याला दोन्ही अंगांनी गुऱ्हाळं,
काहिली उकळतायत, वास यायचाच.
"हितं कुठाय गुऱ्हाळ?"

खरंच. इथं पत्रा, ग्रीस, भट्टीची वाळू,
आणि त्या सगळ्यात तो वास, पातळ, गोड,
जो मी महिनाभर गूळ समजून
खिडकी उघडी ठेवून छातीत भरून घेतला होता.

सायलेन्सरच्या फाट्यामागं, जिथं हात जात नाही
आणि गेला तर परत येताना सालपट ठेवून येतो,
तिथं ब्लॉकमध्ये एक पत्र्याची वाटी असते, रुपयाहून मोठी.
तिच्या काठाला हिरवट पांढरं मीठ फुललेलं.
थेंब बाहेर यायचा, तापलेल्या लोखंडावर बसायचा
आणि जमिनीपर्यंत पोचायच्या आत उडून जायचा.
पुठ्ठ्याला काय कळणार.

दस्तगीरनं स्क्रूड्रायव्हरचं टोक नुसतं टेकवलं.
पापडात बोट जावं तसं गेलं.
भळ्ळकन तांबडं पाणी, मागोमाग गाळ.
"कुलंट कधी घातलंस?"
आत्ता, महिन्याभरात.
"त्याच्या आधी?"
त्याच्या आधी असळजची विहीर, शाळेचा नळ,
कळ्याच्या हॉटेलातला माठ, रस्त्याकडेचे चार ओढे,
एकदा तर वऱ्हाडाच्या कळशीतलं, नवरीनंच दिलेलं.
ते सगळं तो बोटानं खरवडून
वर्तमानपत्रावर ठेवत गेला.

वाटीच्या एका कडेला ठोका दिला, ती आडवी झाली,
पक्कडीनं ओढून काढली.
बसायची जागा घासली, अंगठा फिरवला, परत घासली.
शेजारच्या लेथवरनं पितळेची वाटी कातून आली,
अजून कोमट.
काठाला सील लावून, पान्याचा गोट बरोबर मध्यावर धरून
तीन ठोके. चौथा मारायला हात उचलला
आणि खाली घेतला.
"बास. जास्त केलं की फाटतंय."

निम्मं कुलंट, निम्मं साधं पाणी, उकळून गार केलेलं.
तोंड उघडं ठेवून गाडी चालू, हवेचे बुडबुडे
एकेक करत वर आले, मग यायचे थांबले.
काटा मधे. आम्ही दोघं काही न बोलता
अर्धा तास त्या काट्याकडं बघत बसलो.
साडेसहाशे झाले, पन्नास मी वर ठेवले,
त्यानं ते परत माझ्या खिशात कोंबले.

दुसऱ्या दिवशी कळ्याच्या अलीकडं
गोड वास.
मी गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं,
फाट्यामागं टॉर्च मारला, नाक आत घातलं.
"काय झालं ओ डायव्हर?"
काही न्हाई, म्हटलं,
गूळच हाय.